वरुडकडचं संत्र्याच्या बागेतलं वास्तुविशारदाचं घर: राखायचं कसं?

संत्राबाग
मंडळी, थेटच विचारतो. एका वास्तुविशारदानं स्वतःच्या शेतात, स्वतःसाठी, आयुष्यभर भर घालत उभं केलेलं घर आणि भोवतालची बाग त्याच्या माघारी कशी सांभाळायची? सरकारी स्मारक व्हावं इतकं ते जुनं नाही. देशमुखी वाड्यांच्या गणतीतही बसत नाही. आणि नुसती जमीन म्हणून विकलं तर घेणारा पहिल्या उन्हाळ्यातच जेसीबी घालेल.

घर आमच्या मोठ्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाचं. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकला शिकले, काही वर्षं तिथंच काम केलं आणि 1950च्या दशकात अमरावती जिल्ह्यात वरुडकडे परत आले. सातपुड्याच्या पायथ्याशी वडिलोपार्जित शेत होतं. तिथं त्यांनी आधी विहीर बांधली, मग दोन खोल्या, मग छपरी (ओसरी), मग माडी. दर काही वर्षांनी काहीतरी पाडायचे आणि नवं बांधायचे.

पायाला आणि खालच्या चार फुटांना काळा दगड, वर वीट आणि चुना, मेळघाटच्या सागवानाचे मयाल (तुळया), वर कवेलू (कौलं). खिडक्या इतक्या खाली की सतरंजीवर बसलेल्या माणसाला थेट विहीर दिसते. भिंतींच्या माथ्याला, छपराच्या खाली, वीतभर उंचीची फट चारही अंगांनी सोडली आहे आणि तिला बांबूची जाळी. तापलेली हवा तिथून निघून जाते. पश्चिमेच्या भिंतीच्या वाटेत चिंच आली, तर त्यांनी भिंत वळवली. छपरीत बंगई (झोपाळा) आहे, तिच्या कड्या आजही कुरकुरत नाहीत.

आता अडचण. पूर्वेच्या भिंतीला तिरपा तडा गेला आहे. माडीवर पाणी गळतं. काका म्हणतात, कवेलू काढून सरळ स्लॅब टाका, कटकट मिटेल. पुण्या-नागपूरची भावंडं म्हणतात, विका. एक गिऱ्हाईक आलंही आहे, त्याला प्लॉट पाडायचे आहेत. मला हे घर ठेवायचं आहे. तुमच्याकडे कोणी असं काही केलं आहे का?

पळसफूल
पहिला प्रश्न: त्यांचे नकाशे आहेत का? असतील तर सगळं सोडून आधी ते वाचवा.

संत्राबाग
आहेत. माडीवर पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेले. काही कापडासारख्या पारदर्शक कागदावर, काही निळे. दोन-तीनांना कडेनं वाळवी लागली आहे.

पळसफूल
ताबडतोब खाली आणा. जबरदस्तीनं उलगडू नका, फाटतील. सावलीत सैल सोडा, हळूहळू पसरू द्या, मग सपाट ठेवा. निळ्या प्रती उन्हात नेऊ नका, रंग उडतो. लॅमिनेशन तर बिलकुल नको, दुकानदार आग्रह करेल तरी. आधी नुसते मोबाईलनं फोटो काढा, सपाट उजेडात, प्रत्येक कोपरा दिसेल असे.

दुसरं म्हणजे घराची आज आहे तशी मोजणी. नागपूर-अमरावतीच्या वास्तुकला महाविद्यालयांतली मुलं जुन्या इमारतींची मोजणी अभ्यास म्हणून करतात. त्यांच्या प्राध्यापकांना पत्र लिहा. जेवणाखाण्याची आणि झोपायची सोय केलीत तर आनंदानं येतील. इंटॅकची नागपूर शाखाही आहे, त्यांच्या कानावर घाला. 1984 पासून ही संस्था अशाच असंरक्षित वारशासाठी काम करते. घराचं पुढं काहीही होवो, कागदावर ते पूर्ण उतरलेलं हवं.

वऱ्हाडी_मानूस
भाऊ, वाचून जीव कासावीस झाला. आमचा वाडा दर्यापूरकडे होता. धाब्याचा (मातीच्या सपाट छपराचा), मधात चौक, दोन बळदं (धान्याची कोठारं), कोठा वेगळा. आजोबा गेले अन् चार भावात वाटनी झाली. चौकात भिंत आली. एकानं त्याच्या हिश्शाचं धाबं पाडून टिना टाकल्या, तं त्याचं पानी दुसऱ्याच्या भितीत मुरलं. मंग सागवानाचा व्यापारी आला. खांब, चौकटी, नक्षीचा दरवाजा, सारं एका ट्रकात भरून नेलं. तो दरवाजा आता कोन्या हाटेलात लागला असन राजेहो.

सांगाचं येवढंच का घर पावसानं नाही पडत, वाटनीनं पडते. आधी भावंडाईले एका सतरंजीवर बसवा. तडा मंग पाहा.

गवंडीदादा
वरच्यांशी सहमत, पण तडा "मंग" पाहू नका. मी बांधकाम खात्यात आयुष्य काढलं, अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत. तिरपा तडा म्हटल्यावर डोळ्यासमोर पहिली येते ती आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत गेला असेल तर घर हलत नाही, पण एका कोपऱ्याखाली काळी राहिली तर तो कोपरा दरवर्षी वर-खाली होतो. तुमच्या आजोबांनी टप्प्याटप्प्यानं बांधलं म्हणता. मग तडा जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यावर आहे का ते बघा. तसा असेल तर घाबरण्यासारखं कमी.

हे करा. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी. काच फुटली तर तडा अजून चालतो आहे. पावसाळा आणि पुढचा उन्हाळा असे दोन्ही ऋतू बघितल्याशिवाय भरू नका. भरायचाच तर चुन्यानं.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं का? कोणी भिंतीलगत फुलझाडं लावून ठिबकची नळी सोडली आहे का? तसं असेल तर नळी आजच काढा. भिंतीपासून लांब उतार द्या आणि नाली करा. निम्म्या तड्यांचं औषध एवढंच असतं.

चिंच भिंतीला खेटून आहे म्हणून कोणी तोडायला सांगेल. ऐकू नका. मोठं झाड काळ्या मातीतलं पाणी वर्षानुवर्षं ओढत असतं. ते एकदम काढलं की माती पुन्हा फुगते आणि आज शाबूत असलेली भिंत उचलली जाते. फांद्यांचा भार हलका करा, तेवढं पुरे.

आणि काकांना माझा नमस्कार सांगून म्हणा, स्लॅब नको. या भिंती कवेलूचं वजन पेलायला बांधल्या आहेत. स्लॅब टाकलात की ती वीतभर फट बंद होईल आणि ज्या गोष्टीसाठी हे घर राखायचं तीच जाईल. वर भट्टीसारखं तापेल ते वेगळं.

सिमेंटचा गिलावाही नको. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकते. वर सिमेंट चढवलं की ओल आतच कोंडते, क्षार विटेत साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आमच्या गावच्या एका वाड्याला दिवाळीपूर्वी गुळगुळीत सिमेंट मारलं होतं. पाच-सहा वर्षांत आतली वीट हातानं भुगा होत होती.

मिरचीभाकर
गवंडीदादा, हा प्रतिसाद छापून आमच्या ग्रामपंचायतीत लावतो. बाकी संत्राबाग भाऊ, बंगईचा फोटो टाका ना. कड्या पितळी आहेत का लोखंडी?

संत्राबाग
पितळी. वर मयालाला लोखंडी आकडा, त्यात पितळेची कडी. आजोबा आकड्यात एरंडेल सोडायचे, अजूनही आम्ही तेच करतो. फोटो उद्या.

दादा, तडा सांध्यावरच आहे बहुतेक. छपरी जिथं मूळ दोन खोल्यांना जोडली तिथं. आणि हो, तिथंच पन्हाळ तुटलेली आहे.

रोखठोक
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. हे सगळं ऐकायला छान आहे. पण कर्ज फिटत नाही म्हणून माणसं जीव देतात अशा भागात आपण एका घराच्या खिडक्यांच्या उंचीवर बोलतो आहोत. वरुड-मोर्शीत पाणी खोल गेलं, बागा वाळताहेत. या शेतातून घराचा खर्च निघणार का? नसेल तर कुठल्या तरी भावाच्या पगारातून दरवर्षी पैसे जाणार आणि तोही एक दिवस थकणार. मोजणी करा, फोटो काढा, नकाशे एखाद्या महाविद्यालयाला द्या आणि जमीन विका. वास्तुविशारदाचा विचार कागदावर राहतोच की.

दूरदेशी
रोखठोक, तुमचा खर्चाचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. कागदावर विचार राहतो हे मात्र पटत नाही. श्रीलंकेत बेंटोटाजवळ वास्तुविशारद जेफ्री बावा यांचं घर आणि बाग, लुनुगंगा, पाहून आलो तेव्हापासून तर अजिबात नाही.

बावा आधी वकील. 1940च्या दशकाच्या शेवटी त्यांनी देद्दुवा तलावाकाठी रबराचा जुना मळा घेतला, वर एक साधा बंगला होता. बाग करायची म्हणून घेतला आणि करता करता कळलं की आपल्याला शिकायला हवं. मग लंडनला जाऊन वास्तुकला शिकले, 1957 साली वास्तुविशारद झाले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पुढं श्रीलंकेची संसद बांधली, हॉटेलं बांधली, पण लुनुगंगावरचं काम संपलं नाही. 1998 साली पक्षाघात होईपर्यंत पन्नासएक वर्षं ते चालूच होतं. 2003 साली गेले, अंत्यसंस्कारही तिथल्याच टेकडीवर झाले.

तिथं फिरताना जे कळतं ते नकाशात येत नाही. घराच्या ओसरीतून दक्षिणेला बघितलं की समोर टेकडी, टेकडीवर झाडाखाली एक मोठा रांजण, त्याच्या मागं तलावाचं पाणी आणि त्याही पलीकडे दूर एक पांढरा स्तूप. चारही गोष्टी एका रेषेत. स्तूप दिसावा म्हणून त्यांनी टेकडीचा माथा उतरवला. मध्ये गावरस्ता आहे, तो खोलगट करून असा दडवला की ओसरीतून दिसतच नाही. बागेत जागोजागी घंटा टांगल्या आहेत, प्रत्येकीचा आवाज निराळा. ज्या घंटेचा आवाज येईल त्यावरून नोकरांना कळायचं की साहेब कुठल्या कोपऱ्यात चहाची वाट बघताहेत.

आता पैशाचं. बावांनी हयातीतच विश्वस्त संस्था केली. आज काही खोल्यांत पाहुणे राहतात, बाग तिकीट लावून दाखवतात आणि देखभाल चालते. म्हणजे मालक गेल्यावरही जागा वापरात आहे, तिथं जेवणं होतात, माळी काम करतात.

आणखी एक. कोलंबोत बावांनी 1960च्या सुमारास बाटिक कलाकार एना डी सिल्वा यांच्यासाठी अंगण असलेलं घर बांधलं होतं. 2009 साली ती जागा विकली गेली. तेव्हा घर मोडू न देता उतरवून घेतलं. दगड, खांब, दारं, कौलं यांना क्रमांक घातले आणि लुनुगंगात पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. 2016 साली ते खुलं झालं. विकणं अगदीच टळलं नाही तर हाही मार्ग आहे, फक्त तो राखण्याहून फार महाग पडतो.

रोखठोक
दूरदेशी, बेंटोटाला समुद्र आहे, युरोपचे पाहुणे आहेत. वरुडला मे महिन्यात कोण येणार?

मिरचीभाकर
हिवाळ्यात या म्हणावं. आंबिया बहाराची संत्री झाडावर, शेकोटीवर रोडगे, वांग्याची भाजी आणि वरणावर तुपाची धार. मी स्वतः पुण्याहून वीस जणांची गाडी भरून आणतो. वास्तुकला त्यांना जेवण झाल्यावर दाखवू, तोवर कोणी नाही म्हणणार नाही!

धामनदी
समुद्राचं उदाहरण दूरचं वाटत असेल तर वर्ध्यापर्यंत या. सेवाग्राम. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा आदी निवास उभारलं गेलं. माती, बांबू, कवेलू, स्थानिक हात. बापू कुटी मुळात गांधीजींची शिष्या मीराबहनची, तिनं ती स्वतःच्या हौसेनं सजवली. भिंतीवर मातीच्या उठावात खजुराची झाडं, मोर, चरखा काढला, तो आजही आहे.

विचार करा, मातीची भिंत आणि बांबूवरचं छप्पर आपल्या वर्ध्याच्या पावसात इतकी वर्षं उभं आहे. कशामुळं? दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी कवेलू चाळतात, म्हणजे उतरवून पुन्हा रचतात, फुटकं काढतात, कुजलेला बांबू बदलतात, सारवण होतं. त्यासाठी आश्रम प्रतिष्ठान आहे, माणसं आहेत, ती नेमानं हात फिरवतात. तिथं जाऊन कवेलू चाळणाऱ्याला विचारा, शिकवतील. माझं तर ठाम मत आहे की अशी घरं मोठ्या दुरुस्तीनं वाचत नाहीत, दरसालच्या लहान दुरुस्तीनं वाचतात. एक मोठी देणगी मिळाली आणि मग दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर घर गेलंच म्हणून समजा.

वास्तुविशारद लॉरी बेकर हेही याच विचाराचे. बर्मिंगहॅमचा तरुण, युद्धकाळात चीनमध्ये सेवाकार्य करून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबला, तिथं गांधीजींची गाठ पडली. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून व्हावं हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. 1945 साली कुष्ठरुग्णांच्या कामासाठी भारतात आले, पिथौरागडला राहिले, मग केरळात. तिरुअनंतपुरमला खडकाळ उतारावर स्वतःचं घर बांधलं, त्याचं नाव हॅम्लेट. खडक फोडून सपाट केला नाही, घरच उताराबरोबर चढत गेलं. जुन्या मोडलेल्या घरांची दारं-लाकडं आणून बसवली. तुमच्या आजोबांनी चिंचेसाठी भिंत वळवली हे वाचून मला तेच घर आठवलं.

वऱ्हाडी_मानूस
धामनदी भाऊ, कवेलू चाळाले मानसं कोठून आनाचे? आमच्या गावात आता एकही नाही. अन् कुंभारही कवेलू करत नाही. माकडं येतात, एका उडीत दहा फोडतात.

धामनदी
माकडांचा त्रास खरा आहे, सेवाग्रामलाही चुकलेला नाही. त्यावर एक तोड म्हणजे कवेलूचा साठा. आसपास जिथं जुनी घरं पडताहेत, लोक टिना टाकताहेत, तिथून चांगले कवेलू आत्ताच विकत घेऊन गोठ्यात रचून ठेवा. दहा वर्षांनी मिळणार नाहीत.

कुंभारांबद्दल सांगायचं तर वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं 1970च्या दशकापासून यावर काम केलं. चाकावर केलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक अडकवत जायचे, त्यांची कमान होते आणि लाकडाशिवाय छप्पर उभं राहतं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात कुंभाराला छपराच्या कामात परत आणायचा प्रयत्न झालेला आहे, जाणकार अजून आहेत.

विहिरीवरची
मी त्याच पट्ट्यातली, त्या घरावरून शाळेत जायचे. एक विचारू का संत्राबाग दादा? नकाशे तुमच्या आजोबांचे, पण हात कोणाचे? विहिरीचे घडीव दगड, ती वळवलेली भिंत, ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी केली त्यांची घरं अजून गावात असतील. आमच्याकडे विहीर बांधणारे वडार होते, त्यांच्या म्हाताऱ्यांना कुठला दगड कुठल्या नाल्यातला हे तोंडपाठ असायचं. त्यांना घरी बोलवा, बंगईवर बसवा आणि घर दाखवत दाखवत बोलतं करा. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. पळसफूल ताईंच्या मोजणीत भिंतीची जाडी येईल, चुन्यात काय घातलं होतं ते येणार नाही.

आणि गावाला ते घर हवंसं वाटलं पाहिजे. आज गावाच्या लेखी ते "साहेबांचं बंद घर" आहे. छपरीत आमच्या बायकांच्या बचत गटाची बैठक होऊ द्या, उन्हाळ्यात पोरांसाठी वाचनाची जागा करा. दार रोज उघडलं, झाडझूड झाली, की वाळवीची वाट वेळेवर दिसते आणि दगड मारणारी पोरंच राखण करतात. उगाच घोळ नको, सरळ किल्ली द्या एखाद्या भरवशाच्या बाईकडे आणि तिला महिन्याचा पगार द्या.

पळसफूल
विहिरीवरची, शंभर टक्के. मोजणीच्या मुलांबरोबर गावातली दोन पोरंही जोडून देऊ.

सातबारा
उशिरा आलो. महसूल खात्यात होतो म्हणून कागदाचं तेवढं सांगतो, कारण इथं अजून कोणी सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत हे विचारलंच नाही.

आधी वारस नोंदी झाल्या का बघा. मोठ्या आजोबांना मूलबाळ नसेल तर वारस पसरलेले असतील. ज्यांना रस नाही पण पैशाचीही घाई नाही, अशांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र मिळू शकतं. ज्यांना पैसे हवेत त्यांना बागेतला हिस्सा मोजून द्या आणि घर, विहीर, चिंच, छपरीसमोरचं आवार एवढं एकत्र ठेवा. वाटणी करताना मोजणी अशी करून घ्या की पाणी निघायची वाट दुसऱ्याच्या हिश्शात जाणार नाही.

सरकारी संरक्षणाच्या भरवशावर राहू नका. केंद्राच्या 1958च्या कायद्यात प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षं लागतात. शहरांत विकास नियमावलीबरोबर वारसा याद्या असतात, खेड्यातल्या शेतातलं घर त्यात येत नाही.

सार्वजनिक विश्वस्त संस्था केलीत तर ती 1950च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावी लागेल. त्यातला मोठा फायदा असा की पुढच्या पिढीतल्या कोणाला परस्पर विकता येत नाही, कलम 36 प्रमाणे आयुक्तांची परवानगी लागते. तोटाही तोच: हिशेब, लेखापरीक्षण, बदल अर्ज, सगळं वेळेवर करावं लागतं. करणारा माणूस हवा. शिवाय शेतजमीन कोणाच्या नावावर जाऊ शकते याला विदर्भासाठी 1958चा वेगळा कुळकायदा आहे. तेव्हा ट्रस्टच्या नावावर काय चढवायचं हे वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

रोखठोक यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर: राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पाहुणे ठेवता येतात, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. घराला चार खोल्या असतील तर दोन पाहुण्यांना आणि दोन जशाच्या तशा, असं जमू शकतं.

अकोला_ते_मॅडिसन
गावापासून फार दूर राहतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉईड राईटचं स्वतःचं घर, टॅलिएसिन, आमच्या इथून तासाभरावर आहे. स्प्रिंग ग्रीनच्या टेकडीवर 1911 साली बांधलं. 1914 आणि 1925 साली आगी लागल्या, दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा उभं केलं आणि 1959 साली जाईपर्यंत सतत बदलत राहिले. तुमच्या आजोबांसारखंच, खोली पाडा, खोली जोडा.

त्यामुळं तिथं जतन करणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न होता की राखायचं ते कुठल्या सालचं घर? त्यांनी राईटच्या शेवटच्या वर्षांतलं रूप धरलं. दुसरी अडचण तुम्हालाही येईल. राईट स्वतःच्या घरात प्रयोग करायचे, मजुरी शिष्यांची, सामान हाताशी येईल ते. घर टिकाऊ व्हावं म्हणून काही गोष्टी केलेल्याच नाहीत. पाया, छप्पर, निचरा यांवर खर्च चालूच असतो. 1998च्या वादळात तर आवारातला प्रचंड जुना ओक घरावर कोसळला. 1990 साली देखभालीसाठी वेगळी संस्था निघाली, 2019 साली राईटच्या आठ इमारती जागतिक वारशात आल्या, त्यात हे घर आहे. तरीही काम संपलेलं नाही.

म्हणून आधी ठरवा, आजोबांच्या हातचं शेवटचं रूप कुठलं? त्यानंतर घरच्यांनी काय जोडलं? शौचालय, टिनेची पडवी, असं काही असेल तर त्याची वेगळी नोंद ठेवा.

दूरदेशी
घराला साल ठरवता येईल, बागेला कसं ठरवणार? लुनुगंगात झाडं वाढतात, पडतात. जिथं मोकळी नजर हवी तिथं ती दरवर्षी छाटावीच लागते. संत्र्याची झाडं तर त्याहून अल्पायुषी.

गवंडीदादा
झाडं बदला, ओळी तशाच ठेवा. कुठल्या खिडकीतून कुठली ओळ दिसायची ते पळसफूल ताईंच्या नकाशात आलं पाहिजे.

संत्राबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. दादांच्या सांगण्यावरून भिंतीलगतची ठिबक काढली, काकांनीच लावली होती, त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. स्लॅबचा विषय तूर्त बंद झाला. काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत.

मॅडिसनवाले दादा, तुमच्या प्रश्नावर आम्ही घरी बराच वेळ बोललो. नकाश्यांवर साल लिहिलेलं आहे, शेवटचा 1983चा, माडीच्या जिन्याचा. तो जिना आज आहे तसाच आहे. म्हणजे आम्ही 1983 धरतो. मागची टिनेची पडवी नंतरची, ती काढू.

रोखठोक, बागेत संत्री कमी झाली आहेत, डिंक्या रोगानं अर्धी बाग गेली, हे खरंच आहे. पण घर विकून ते दुःख कमी होत नाही. दरवर्षीचा कवेलू, बांबू आणि राखणदार बाईचा पगार एवढा खर्च दोन खोल्या पाहुण्यांना देऊन निघतो का, हा हिशेब बहिणीनं मांडायला घेतला आहे. तुम्हाला दाखवीन, चुका काढा.

सातबारा काका, वारस नोंद अर्धवट आहे. तलाठ्याकडे अर्ज देतो आहे. भावंडांची बैठक पोळ्याला घरीच ठेवली आहे.

रोखठोक
दाखवा. फक्त पहिल्या तीन वर्षांत एकही पाहुणा येणार नाही असं धरून मांडा. तेवढा खर्च कोण उचलणार हे लेखी ठरलं तर मीही तुमच्या बाजूनं बोलेन. आणि पोळ्याच्या बैठकीत प्लॉटवाल्याचा भाव काय आहे तो सगळ्यांसमोर उघड सांगा, लपवलात तर पुढं भांडण होईल.

वऱ्हाडी_मानूस
हे लाखातलं बोलले. बैठकीत काकाले अध्यक्ष करा, मंग ते कोनालेच विकू देनार नाही!

संत्राबाग
काका अध्यक्ष, ठरलं.

एक मदत हवी. माडीची गळती पावसाआधी थांबवायची आहे आणि तडा पुढं चुन्यानंच भरायचा आहे. अमरावती, वर्धा किंवा नागपूर जिल्ह्यात चुना मुरवून काम करणारा गवंडी कोणाच्या माहितीत आहे का?

विहिरीवरची
आमच्या गावात एक म्हातारे आहेत, देवळाच्या दुरुस्तीत चुन्याचं काम त्यांनीच केलं. सुरखी (विटेची पूड), बेलफळाचं पाणी, गूळ, सगळं त्यांच्या हिशेबानं लागतं. आता स्वतः परातीला हात लावत नाहीत, पण नातू हाताखाली शिकला आहे. व्यक्तिगत निरोपात गाव कळवते. चुना आधी भिजत घालावा लागेल, त्यामुळे हौद करायला सावलीची जागा बघून ठेवा.

गवंडीदादा
हौद चिंचेच्या मुळापासून लांब घ्या. आणि नातू कामाला येईल तेव्हा मला कळवा, मीही येतो.